अर्वीड हॉगस्टॅडचे दहा स्नोब्लोअर

ऑगस्टच्या उकाड्यात माणसाने हिवाळ्याची खरेदी करू नये, असं मारलिस हॉगस्टॅड म्हणत असे. ती असं बरंच काही म्हणत असे, आणि त्यातलं बहुतेक खरं ठरत आल्यामुळे तिच्या नवऱ्याने, म्हणजे अर्वीडने, ते ऐकायचं सोडून दिलं होतं. सारखं खरं कोण ऐकणार?

तर ऑगस्टमध्ये घाऊक व्यापाऱ्याने सांगितलं, डझनभर स्नोब्लोअर घ्या, भाव उतरवून देतो, बिल जानेवारीत भरा. अर्वीडने घेतले. ऑक्टोबर अर्धा सरला तोवर दोन खपले होते. बर्फ उडवून वाट मोकळी करणारी उरलेली दहा नारिंगी यंत्रं दुकानाच्या काचेशी रांगेने उभी होती, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवलेल्या परगावच्या पाहुण्यांसारखी. सगळे बघत होते, जवळ कोणी जात नव्हतं.

किंमत अकराशे एकोणपन्नास डॉलर. नॉर्डहेमसारख्या मिनेसोटातल्या लहान गावात एवढी रक्कम एकदम कोणी मोठ्याने उच्चारतसुद्धा नाही. हायवेवरच्या मोठ्या दुकानात मात्र तेच यंत्र चार हप्त्यांत मिळायचं. पहिला हप्ता आज, बाकीचे दर पंधरा दिवसांनी, आणि यंत्र त्याच दिवशी घरी. नॉर्डहेमची दोन माणसं तिथून यंत्र घेऊन आली होती. येताना त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली होती, तरी त्या ताडपत्रीचा आकार साऱ्या गावाने ओळखला.

अर्वीडच्या दुकानात हप्ते नव्हते असं नाही. त्याच्या वडिलांच्या काळापासून मागे एक खोली होती. वस्तू पसंत करायची, तिला आपल्या नावाची चिठ्ठी बांधायची, वस्तू मागच्या खोलीत जायची. दर शनिवारी पाच-दहा डॉलर आणून द्यायचे. शेवटचा डॉलर आला की वस्तू तुमची. तिथे या घडीला एक मासेमारीचा गळ, दोन सायकली आणि एक बाहुलीघर होतं. ज्या मुलीसाठी ते बाहुलीघर धरून ठेवलं होतं ती आता गाडी चालवायला शिकत होती, पण तिच्या आजोबांचे अजून अकरा डॉलर बाकी होते. आधी पैसे, मग वस्तू. हे नव्या पद्धतीच्या बरोबर उलटं होतं, आणि स्नोब्लोअरच्या बाबतीत त्याची अडचण उघड होती. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत बर्फ वितळून मे महिना उजाडतो.

सकाळी साडेसहाला लुंडच्या कॅफेत अर्वीडने हा विषय टेबलावर ठेवला. टेबलावर ड्युएन क्वाम होता, जो चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काम करून निवृत्त झाला होता आणि आता मतं साठवत होता. व्हर्लिन न्हावी होता. लहान दुकानदाराने असे हप्ते द्यावेत की नाहीत, यावर तीन कप कॉफी संपली. ड्युएनचं म्हणणं, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने फावडं वापरावं. फावड्याला हप्ता नसतो. व्हर्लिन म्हणाला, काळाबरोबर चालायला हवं. त्याची स्वतःचीही अर्धे केस आज आणि उरलेले पंधरा दिवसांनी कापायची तयारी आहे, फक्त गिऱ्हाईक मधल्या काळात कुठे तोंड लपवेल तेवढं त्याने ठरवावं. अर्वीडने हे सगळं धंद्याचा प्रश्न म्हणून मांडलं होतं. रेने सुंडबीचं नाव त्याने काढलं नाही.

रेने शाळेची बस चालवायची. चाळिशीची बाई, आई गुडघ्यांनी अधू, घर रस्त्यापासून शंभर पावलं आत. बस पहाटे साडेपाचला सुटायची, त्याआधी ती फावड्याने ती शंभर पावलं मोकळी करायची. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती दुकानात पाठदुखीचं मलम आहे का विचारायला आली होती. मलम हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण औषधाच्या दुकानापर्यंत चालवत नव्हतं. यंदा दर शनिवारी ती काहीतरी बारीकसारीक घ्यायला यायची, रांगेतल्या तिसऱ्या यंत्राच्या मुठीवर हात ठेवायची, आणि जायची. बर्फ पडायच्या आत ते यंत्र तिच्या गॅरेजमध्ये गेलं पाहिजे असं अर्वीडने मनात पक्कं केलं होतं. अर्थात उरलेली नऊही कुठेतरी गेली पाहिजेत, जानेवारी काही थांबत नाही, हेही मनात होतंच. माणसाचं मन काही एकाच खोलीचं नसतं.

हप्त्यांच्या कंपनीचा ट्रेव्हर नावाचा माणूस फोनवर भेटला. तो कुठल्याशा उबदार राज्यातून बोलत होता आणि पहिल्याच वाक्यात अर्वीडला ‘दोस्त’ म्हणाला. नॉर्डहेममध्ये या पायरीला साधारण अठरा वर्षं लागतात. ट्रेव्हरने समजावलं की दुकानदाराला पैसे लगेच मिळतात, गिऱ्हाईक हप्ते कंपनीला देतं, बुडाले तर कंपनीचे बुडाले. कंपनी घेते फक्त शंभराला सहा.

मारलिसने पाकिटाच्या मागे हिशोब केला. “म्हणजे एका यंत्रामागे एकोणसत्तर डॉलर. आणि त्या बदल्यात कंपनी करते काय?”

“कार्डाच्या मशीनवर गिऱ्हाइकाला विचारते, चार हप्ते हवेत का म्हणून.”

“एकदा विचारायचे एकोणसत्तर डॉलर? मी फुकट विचारते.”

अर्वीडने तिला बाजारपेठेचं नवं वळण समजावून सांगितलं. ती बटाटे सोलत राहिली.

मग अर्ज. अर्ज संगणकावर होता आणि सात मिनिटांत होतो असं त्यावरच लिहिलं होतं. अर्वीडला नऊ दिवस लागले. दुकानाची नोंद ‘पामर हॉगस्टॅड आणि चिरंजीव’ अशी होती. चिरंजीव म्हणजे हाच, वय चौसष्ट. संगणकाने दोन्ही भागीदारांचे ताजे, हसरे फोटो मागितले. पामर हॉगस्टॅडना जाऊन एकतीस वर्षं झाली होती, आणि हयातीतही त्यांनी कुणाला हसरा फोटो काढू दिला नव्हता. अर्वीडने तसं लिहून कळवलं. संगणकाने उत्तर दिलं की भागीदार सध्या उपलब्ध नसल्यास सोयीची वेळ निवडावी.

त्यामुळे त्याला तालुक्याच्या कचेरीत जाऊन वडिलांच्या मृत्यूचा दाखला काढावा लागला. खिडकीमागच्या बाईने विचारलं, कशासाठी? अर्वीड म्हणाला, काही नाही, दुकानाचे थोडे कागद करायचेत. मग बँकेत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मॅनेजरने केबिनचं दार लोटून घेतलं, कारण वारा येत होता. अर्वीड बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता, कारण अजून एक सही राहिली होती. हे सगळं भर दिवसा, मुख्य रस्त्यावर, साऱ्या गावादेखत घडलं. त्यात काही लपवण्यासारखं आहे हे अर्वीडच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दहाव्या दिवशी मंजुरी आली आणि सोबत दारावर लावायचं स्टिकर. जांभळं, परातीएवढं, त्यावर मोठ्या अक्षरांत: आजच न्या, पैसे नंतर. अर्वीडने ते दाराच्या काचेवर लावलं. ते तिरकं बसलं. सरळ करायला गेला तर कळलं की बाकी काहीही असो, कंपनीचा डिंक उत्तम होता.

शनिवारी रेने काच पुसायचं पाणी घ्यायला आली आणि सवयीने तिसऱ्या यंत्राशी थांबली. अर्वीडने सहज म्हणावं तसं म्हटलं की बघ तर खरं, हप्ता कितीसा पडतो ते, आणि मशीनमध्ये किंमत टाकून ते तिच्याकडे फिरवलं. मशीनने विचारलं, चार हप्त्यांत हवं का?

“अहो नको, कशाला उगाच,” रेने म्हणाली आणि तिने ‘नको’चं बटण दाबलं.

आता नॉर्डहेममध्ये पहिलं ‘नको’ म्हणजे नमस्कार असतो. दुसरं ‘नको’ म्हणजे चांगले संस्कार. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, ‘बरं, तुम्हाला त्रास नसेल तर.’ तिथे जेवायला वाढणारा, गाडीतून सोडणारा, लग्नाचं विचारणारा, सगळे तीनदा विचारतात. मारलिसनेही अर्वीडला दोनदा नकोच म्हटलं होतं. ट्रेव्हरच्या मशीनला हे कोणी शिकवलं नव्हतं. त्याने ‘धन्यवाद’ असं लिहिलं आणि ते विझलं. रेने क्षणभर त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिली. अर्वीडही पाहत राहिला, कारण विचारण्याचं काम त्याने पैसे मोजून मशीनला दिलं होतं आणि मशीन पुन्हा विचारेल असं त्याला वाटत होतं. मग रेनेने पाण्याची बाटली उचलली आणि ती गेली.

पण सोमवारपासून दुकानात गर्दी वाढली. ड्युएन आला, दारावरचं स्टिकर वाचून त्याने टोपी काढली, दोन पौंड खिळे घेतले आणि सुटे परत नकोत म्हणाला. ड्युएनने सुटे सोडल्याची गावाच्या इतिहासात नोंद नाही. व्हर्लिनने तीन उंदराचे सापळे नेले आणि जाताना अर्वीडचा खांदा दाबला. लोक येत, रोख देत, बिजागऱ्या, बल्ब, दोरी असलं काहीबाही घेत, आणि हळू आवाजात बोलत. बाहुलीघराचे अकरा डॉलर एकदम आले. स्नोब्लोअरला मात्र कोणी हात लावेना. अर्वीडने मनाशी ठरवलं की हा स्टिकरचाच गुण, नव्या वळणाला लोक आधी बिजागऱ्यांपासून सुरुवात करतात. त्याने ट्रेव्हरला तसा संदेशही पाठवला. ट्रेव्हरने उलट एक नाचणारं अस्वल पाठवलं.

मंगळवारी गल्ल्यावर कोणीतरी हॉटडिशचं भांडं ठेवून गेलं. खिमा आणि डब्यातलं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, भट्टीतून नुकतंच निघालेलं. बुधवारी दोन भांडी आली. शुक्रवारी संध्याकाळी अर्वीडने सातवं भांडं घरी नेऊन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला की गिऱ्हाइकांचं प्रेम असावं तर असं.

मारलिसने सातही भांडी एका रांगेत लावली आणि त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसली.

“अर्वीड, या गावात सात हॉटडिश तीनच कारणांनी येतात. कोणी गेलं, कोणाचं ऑपरेशन झालं, किंवा कोणी बुडालं. तू जिवंत दिसतोस. माझं पित्ताशय चार वर्षांपूर्वीच काढलंय.”

अर्वीडने त्या रांगेकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो सबंध पंधरवडा उलगडत गेला. कचेरीतला दाखला, बँकेच्या तीन खेपा, लोटलेलं दार, पडलेला चेहरा. आणि शेवटी दुकानाच्या दारावर, परातीएवढ्या अक्षरांत, माल घेऊन जा, पैशांचं नंतर बघू. जो दुकानदार पैसे न घेता माल न्या म्हणतो, तो दुकान मोडायला काढतो, दुसरं काय? पामर हॉगस्टॅडच्या दुकानाबद्दल त्र्याऐंशी वर्षांत जे कोणाच्या मनात आलं नव्हतं, ते एका जांभळ्या स्टिकरने आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅफेत स्पष्ट सांगून टाकलं की आपण बुडालेलो नाही. व्हर्लिन म्हणाला, नाहीच मुळी. ड्युएन म्हणाला, कोण म्हणतं? आणि अर्वीडच्या कॉफीचे पैसे दोघांनीही एकाच वेळी पुढे केले. तेव्हा त्याला कळलं की नॉर्डहेममध्ये ‘माझं बरं चाललंय’ हे वाक्य फक्त ज्याचं बरं चाललेलं नाही तोच बोलतो. बाकीचे हवामानाबद्दल बोलतात.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये आर्डिस टोलेफसनबाईंनी त्याला गाठलं. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. लहानपणी रविवारच्या शाळेत त्याला त्यांनीच शिकवलं होतं, आणि तेव्हापासून त्याचं काही बोलणं त्यांनी पूर्ण होऊ दिलं नव्हतं. बायकांच्या मंडळाने त्याच्यासाठी शनिवारी पॅनकेकची न्याहारी ठेवली होती; जमेल ते ज्याने त्याने बादलीत टाकायचं. अर्वीड म्हणाला, नको. बाई म्हणाल्या, बरं. अर्वीड म्हणाला, खरंच नको, आर्डिसबाई. बाईंनी पिशवीतून छापून आणलेली पत्रकं काढली आणि त्याच्या हातात दिली.

“तू दोनदा नको म्हणणार हे धरूनच मी छापून आणली.”

ज्या चालीरीतीवर आपण वाढलो तिच्याच चाकाखाली आपण आलो, असं अर्वीडला वाटलं. घरी येऊन त्याने भाषण लिहून काढलं. मुद्दे बँकेतली शिल्लक, वडिलांचं नाव आणि हप्त्यांचं आधुनिक तत्त्व. मारलिसने ते वाचलं आणि म्हणाली, छान आहे, शेवटी अजून दोन हॉटडिश मिळतील.

शनिवारी चर्चच्या तळघरात दोनशे माणसं जमली. पॅनकेक, सॉसेज, पातळ कॉफी. दाराशी आइस्क्रीमची रिकामी प्लास्टिकची बादली ठेवलेली, आणि तिच्यात पैसे टाकताना प्रत्येकजण छताकडे बघत होता, म्हणजे कोणी किती टाकले ते कोणालाच दिसू नये. अर्थात आर्डिसबाई बादलीशीच बसल्या होत्या. अर्वीड भाषणाचा कागद खिशात चाचपत त्यांच्या शेजारून निघाला तेव्हा त्यांनी त्याची बाही धरली.

“रेने सुंडबीने चाळीस टाकले. स्नोब्लोअरसाठी साठवत होती म्हणे. मी म्हटलं, अगं राहू दे. तर म्हणाली, दुकानच राहिलं नाही तर घेणार कुठून?”

अर्वीड तिथेच उभा राहिला. रेने शेवटच्या टेबलावर आईसाठी पॅनकेकचे बारीक तुकडे करत बसली होती. त्याने कागद खिशातून काढला, त्याची घडी आणखी एकदा घातली आणि पुन्हा ठेवून दिला. मग तो पुढे जाऊन उभा राहिला. गाव खाली ताटात बघू लागलं, कारण आता हा रडणार अशी सगळ्यांची खात्री होती.

“माझी एक अडचण आहे,” अर्वीड म्हणाला. “माझ्याकडे दहा स्नोब्लोअर आहेत आणि ठेवायला जागा नाही.”

हे निदान खोटं नव्हतं. मागच्या खोलीत सायकली होत्या, आणि आता त्यावर हॉटडिशची धुतलेली भांडीही होती. तो पुढे सांगत गेला की मागच्या खोलीत वस्तू चिठ्ठी बांधून ठेवतात हे सगळ्यांना माहीत आहे. यंदा खोली भरली. तर कोणाच्या गॅरेजमध्ये कोपरा मोकळा असेल तर चिठ्ठी बांधलेलं यंत्र हिवाळाभर त्याने तिथे ठेवून घ्यावं, आपल्यावर उपकार होतील. शनिवारी नेहमीसारखं काही आणून दिलं तर चालेल. फक्त यंत्र नुसतं पडून राहिलं तर गंजतं, तेव्हा बर्फ पडेल तसं चालवत राहावं लागेल. एवढा त्रास द्यायचा म्हणजे संकोच वाटतो, असंही तो म्हणाला, आणि ते त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य होतं.

मग ड्युएन खाकरला. त्याच्या गॅरेजमध्ये एक मावेल, तो म्हणाला, तसं त्याला फावडं पुरतं, पण अर्वीडची सोय होत असेल तर. व्हर्लिन म्हणाला की जुनी खुर्ची हलवली तर त्याच्याकडेही होईल. मग एकेक हात वर येऊ लागला, सगळे गंभीर चेहऱ्याने, जसे काही अनाथ मुलांना घरी नेत होते.

अर्वीड शेवटच्या टेबलापाशी गेला. “रेने, रांगेतलं तिसरं. तुझ्याकडे ठेवशील?”

“जागा आहे, अर्वीडकाका, पण नको. कशाला उगाच.”

“जड आहे ते. मला सारखं हलवणं होत नाही.”

“नको हो, दुसरं कोणी ठेवेल.”

“मला ते तुझ्याकडेच ठेवायचंय.”

रेनेने सुरी खाली ठेवली. “बरं,” ती म्हणाली. “तुम्हाला मदत होणार असेल तर.”

चिठ्ठीवर अर्वीडने तिचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं: चाळीस मिळाले. ते मिळाले होतेच.

बादलीतून रेनेचे चाळीस बाजूला काढल्यावर अकराशे एकोणपन्नास डॉलर उरले. नेमके अकराशे एकोणपन्नास. पास्टरनी याला देवाची करणी म्हटलं. मारलिसने त्यात मोजदादीच्या वेळी तेरा डॉलर टाकले होते, ते देवाने कोणाला सांगितलं नाही. पैसे परत घ्यायला मंडळ तयार नव्हतं, म्हणून अर्वीडने त्या रकमेचं दहावं यंत्र चर्चला देऊन टाकलं. पास्टर दोनदा नको म्हणाले.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रेव्हरचा फोन आला. महिनाभरात एकही व्यवहार नाही, दोस्त, असं कसं? तुमच्याकडच्या लोकांना हप्ते नको असतात का?

“हवे असतात,” अर्वीड म्हणाला. “तुमचं विचारणं कमी पडतं.” आणि त्याने वडिलांची जुनी ‘दुकान उघडं आहे’ची पाटी दारावर त्या जांभळ्या स्टिकरवर टांगली. चारही बाजूंनी थोडं जांभळं दिसत राहिलं. त्याला इलाज नव्हता.

दुसऱ्याची वस्तू वापरतोय म्हणून नॉर्डहेमच्या माणसाला झोप येत नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत ड्युएन सगळे पैसे घेऊन आला, वर म्हणाला की आता ठेवतोच आहे तर विकतच घेतो. नाताळापर्यंत सहाजण तसेच आले. घाऊक व्यापाऱ्याचं बिल भागलं. रेने दर शनिवारी वीस डॉलर आणायची, अर्वीड दोनदा म्हणायचा काही घाई नाही, आणि तिसऱ्यांदा घ्यायचा.

पण ते पुढचं. पहिलं मोठं बर्फ पडलं त्या सकाळी अर्वीड फावडं घेऊन दुकानाशी आला, तर दुकानासमोरचा रस्ता कोणीतरी आधीच मोकळा करून ठेवला होता. कडा सुतात कापल्यासारख्या सरळ. बाजूला शाळेच्या बसच्या चाकांचे ताजे ठसे. आणि पायरीवर टॉवेलात गुंडाळलेली हॉटडिश, वर आर्डिसबाईंच्या अक्षरात चिठ्ठी, की एवढी ओढाताण असताना त्याने चर्चला यंत्र द्यायला नको होतं.

“कशाला उगाच,” अर्वीड म्हणाला. रस्त्यावर कोणी नव्हतं. “नको, खरंच,” तो पुन्हा म्हणाला, आणि थोडा थांबला. तिसऱ्यांदा विचारायला तिथे कोणीच नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला विचारलं, भांडं उचललं, आणि दुकान उघडलं. भांडं अजून गरम होतं.